आधी लिहावे, मग खोडावे

विषय माहीत आहे, मुदत जवळ आली आहे, लिहायची इच्छाही आहे आणि तरी मजकूर पुढे सरकत नाही, या अवस्थेला ‘राइटर्स ब्लॉक’ असे नाव आहे. ती कादंबरीकाराला गाठते, तशी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला, संस्थेचा वार्षिक अहवाल करणाऱ्या चिटणिसाला आणि दिवाळी अंकासाठी लेख कबूल करून बसलेल्या हौशी लेखकालाही गाठते. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी १९४०च्या दशकात हे नाव रूढ केले. या अडचणीचे मूळ लेखकाच्या बालपणातील सुप्त संघर्षांत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे संशोधकांनी लेखकांच्या मनापेक्षा त्यांच्या कामाच्या पद्धतीकडे पाहायला सुरुवात केली, तेव्हा या अवस्थेचे चित्र बरेच बदलले.

अवस्था मात्र नावापेक्षा पुष्कळ जुनी आहे. इंग्रज कवी सॅम्युएल टेलर कोलरिज यांच्या गाजलेल्या कवितांपैकी बहुतेक त्यांच्या पंचविशीच्या आसपासच्या आहेत. त्यानंतर अफूच्या व्यसनाने आणि अपराधी भावनेने त्यांना ग्रासले आणि योजलेली कितीतरी कामे तशीच राहिली. अमेरिकन लेखक राल्फ एलिसन यांची पहिली कादंबरी ‘इन्व्हिजिबल मॅन’ १९५२मध्ये आली आणि गाजली. दुसरी १९९४मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत पूर्ण झाली नाही. एलिसन लिहीत नव्हते असे नाही. त्यांच्यामागे हजारो पाने निघाली. त्यांतून एक पुस्तक मात्र उभे राहिले नव्हते. लेखन अडणे म्हणजे प्रत्येक वेळी कोरा कागद नव्हे, हे एलिसन यांच्या उदाहरणावरून दिसते. एका मानसशास्त्रज्ञाने या विषयाची केलेली थट्टाही प्रसिद्ध आहे. डेनिस अपर यांनी १९७४मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात स्वतःच्या ‘राइटर्स ब्लॉक’वरील अयशस्वी उपचारांविषयी निबंध छापला. शीर्षकाखाली मजकुराचा एकही शब्द नव्हता.

लेखन का अडते

लिहिताना मन एकाच वेळी अनेक कामे करत असते. अमेरिकेतील लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेस यांनी लेखकांना लिहितानाच मनातले विचार मोठ्याने बोलायला सांगितले, ते ध्वनिमुद्रित केले आणि १९८१मध्ये त्यावर आधारित मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार लेखनात तीन प्रक्रिया चालतात: काय सांगायचे ते ठरवणे, ते शब्दांत उतरवणे आणि उतरलेले तपासणे. या तिन्ही एकामागोमाग शिस्तीत येत नाहीत. लेखक सतत एकीतून दुसरीत जातो. अनुभवी लेखकाला ही ये-जा साधते. नवख्याच्या बाबतीत तपासणारे मन सगळी जागा अडवून बसते.

सोंड्रा पर्ल यांनी १९७९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेखनात कच्च्या मानल्या गेलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये नेमके हेच दिसले. ही मुले आळशी नव्हती. ती एक ओळ लिहीत, थांबत, स्पेलिंग दुरुस्त करत, शब्द बदलत आणि तोवर पुढचा विचार हातून निसटलेला असे. मराठीत लिहिणाऱ्याचेही असेच होते. ‘विशद’ बरोबर की ‘विषद’, हे शोधायला तो शब्दकोश उघडतो आणि परत येतो तेव्हा वाक्याचा उत्तरार्ध विसरलेला असतो.

माइक रोझ यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लेखन अडणारे आणि न अडणारे विद्यार्थी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. अडणाऱ्यांच्या डोक्यात ताठर नियम असल्याचे त्यांना आढळले. लेखाची सुरुवात आकर्षकच हवी, प्रत्येक निबंधात अमुक इतके मुद्दे असलेच पाहिजेत, पहिला परिच्छेद पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, अशा धर्तीचे हे नियम. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण जमले तर पाळायचे, नाहीतर सोडून द्यायचे, अशा बेताने. शाळेत ‘निबंध सुविचाराने सुरू करावा’ हे मनावर ठसलेले असते आणि चाळिशीतला माणूस लेख लिहायला बसला की सुविचार सापडेपर्यंत पेन उचलत नाही, हा त्यातलाच प्रकार.

याशिवाय अडण्याची आणखी तीन कारणे वारंवार दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पहिले कारण माहितीचा अभाव. गावच्या जुन्या बारवेविषयी लिहायचे आहे, पण ती कोणी बांधली, तिचे पाणी कधी आटले, हे ठाऊक नाही. अशा वेळी टेबलाशी बसून राहण्यात अर्थ नसतो, चौकशी करायला उठले पाहिजे. दुसरे कारण वाचकाची धास्ती. समीक्षक, मार्गदर्शक किंवा नातेवाईक खांद्यावरून वाचत असल्याचा भास लेखकाला गप्प करतो. तिसरे कारण थकवा किंवा आजार. अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅलिस फ्लाहर्टी यांनी ‘द मिडनाइट डिसीझ’ या २००४च्या पुस्तकात नैराश्य आणि लेखन थांबणे यांचा जवळचा संबंध मांडला आहे. झोप उडाली असेल, लेखनाबरोबर इतर गोष्टींतलाही रस संपला असेल, तर युक्त्यांपेक्षा डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

पहिला खर्डा

खर्डा करणे आणि तो तपासणे ही दोन कामे निराळ्या वेळी करणे, हा लेखन सुरू करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पीटर एल्बो यांनी १९७३च्या ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात त्याची एक साधी कृती दिली. घड्याळ लावून दहा मिनिटे न थांबता लिहायचे. मागे वळून वाचायचे नाही, खोडायचे नाही, शब्द सुचला नाही तर ‘सुचत नाही’ असेच लिहायचे, पण हात थांबू द्यायचा नाही. यातून निघालेला बराचसा मजकूर टाकाऊ असतो. त्यात मध्येच एखादे वाक्य असे सापडते की लेख खरे तर त्याच्याबद्दल असायला हवा होता, आणि तेवढ्यासाठी हा खटाटोप असतो.

मजकुरात खिंडार राहिले तर तसे राहू द्यावे, ही दुसरी युक्ती. तारीख आठवत नाही, संदर्भ हाताशी नाही, योग्य शब्द मिळत नाही, तिथे चौकोन काढून पुढे जावे. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’ची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९०८मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. १९१०-११च्या हिवाळ्यात काही महिन्यांत त्यांनी या ग्रंथाचा खर्डा शिसपेन्सिलीने लिहून काढला. लागणारी सगळी पुस्तके तिथे नव्हती, म्हणून काही जागा अपुऱ्या राहिल्या. नंतर सुचत गेले तसे त्यांनी बदल केले, १९१४मध्ये सुटका झाल्यावर राहिलेल्या जागा भरल्या आणि १९१५मध्ये ग्रंथ छापला. सर्व साधने जमेपर्यंत ते थांबले असते तर तुरुंगातली ती वर्षे हातची गेली असती.

सुरुवात सुचत नसेल तर मधूनच आरंभ करावा. लेखातला जो भाग सर्वांत स्पष्ट दिसतो तो आधी लिहावा. प्रस्तावना शेवटी लिहिणे अनेकदा सोपे जाते, कारण कशाची प्रस्तावना करायची हे तोपर्यंत कळलेले असते. मोठ्याने सांगणेही उपयोगी पडते. गप्पांमध्ये जो विषय रंगवून सांगता येतो, तोच कागदावर येताना आखडतो. अशा वेळी तो मित्राला सांगावा, फोनवर ध्वनिमुद्रित करावा आणि ऐकून लिहून काढावा. वाचकाची धास्ती असेल तर पहिला खर्डा एखाद्या जवळच्या माणसाला उद्देशून पत्रासारखा लिहावा आणि ‘प्रिय’पासूनच्या दोन-चार ओळी नंतर काढून टाकाव्यात.

स्फूर्तीची वाट पाहावी की वेळ ठरवून बसावे, हा वाद जुना आहे. रॉबर्ट बॉइस यांनी १९८०च्या दशकात विद्यापीठातील अध्यापकांवर केलेल्या प्रयोगांत वेळापत्रकाने लिहिणाऱ्यांची पाने तर जास्त भरलीच, शिवाय त्यांना नव्या कल्पनाही जास्त सुचल्या. नियमितपणाचे टोकाचे उदाहरण म्हणजे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप. टपालखात्यातली नोकरी सांभाळून ते पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत. या बेताने त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या दिनक्रमातला एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही: पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशीचे लेखन वाचत. गाडी रुळावर यायला तेवढा वेळ ते राखून ठेवत. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची पद्धत याला पूरक होती. पुढे काय येणार हे माहीत असतानाच ते दिवसाचे काम थांबवत, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या मनाने बसावे लागत नसे. नोकरदार माणसाला रोज तीन तास मिळत नाहीत, पण रोजची वीस मिनिटे आणि उद्याचे पहिले वाक्य आज टिपून ठेवण्याची सवय, एवढे त्याला जमण्यासारखे आहे.

मधला काळ

खर्डा पूर्ण झाला की तो बाजूला ठेवावा. रोमन कवी होरेस यांनी हस्तलिखित नवव्या वर्षापर्यंत घरात ठेवण्याचा सल्ला दिला होता. आजच्या लेखकाला दोन-तीन दिवस मिळाले तरी पुरे. यामागचे कारण साधे आहे. आपलाच मजकूर वाचताना डोळा कागदावरचे वाचत नाही, मनात असलेले वाचतो. गळलेला शब्द तो स्वतःच भरतो, तुटलेला दुवा स्वतःच जोडतो. काही दिवस गेले की मजकूर थोडा परका होतो आणि वाचकाला जे अडेल ते लेखकालाही अडू लागते. वेळच नसेल तर परकेपणा अन्य मार्गाने आणावा. टाइप बदलून कागदावर छापून घ्यावे, शेवटच्या परिच्छेदाकडून पहिल्याकडे वाचत यावे किंवा दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचायला सांगून आपण ऐकावे. वाचणारा जिथे अडखळतो तिथे खूण करावी. तिथले वाक्य बहुधा बिघडलेले असते.

आधी रचना, मग वाक्य

नॅन्सी सॉमर्स यांनी १९८०मध्ये विद्यार्थी आणि अनुभवी लेखक मजकूर कसा सुधारतात याची तुलना प्रसिद्ध केली. सुधारणे म्हणजे शब्द बदलणे, अशी विद्यार्थ्यांची समजूत होती. अनुभवी लेखक आधी आपण नेमके काय म्हणतो आहोत हे शोधत, त्याप्रमाणे रचना हलवत आणि शब्दांकडे नंतर येत. घराची भिंत पाडायची की ठेवायची हे ठरण्याआधी तिला रंग देण्यात शहाणपण नाही, तसेच हे आहे.

म्हणून पहिल्या फेरीत चुका पाहूच नयेत. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते समासात चार-पाच शब्दांत लिहावे. दोन परिच्छेदांसमोर सारखीच नोंद आली तर त्यांतला एक जादा आहे. एखाद्यासमोर काहीच लिहिता येत नसेल तर तो भरतीचा आहे. नोंदी ओळीने वाचल्या की क्रमही तपासता येतो: कारणाआधी परिणाम आला आहे का, पुढे येणारी व्यक्ती ओळख न देता आधीच डोकावते का. याच फेरीत अनेकदा असे आढळते की पहिले दोन परिच्छेद म्हणजे लेखकाने केलेली नुसती हातपाय मोकळे करण्याची तयारी आहे आणि लेख तिसऱ्यापासून सुरू होतो. तसे असेल तर ते दोन काढून टाकावेत. आवडते वाक्य जात असेल तर निराळ्या फाइलमध्ये जपून ठेवावे. कापण्याचे दुःख त्याने कमी होते.

दुसरी फेरी वाक्यांची. पुढील नमुना पाहावा:

पूर्वीच्या काळी आपल्या ग्रामीण भागामध्ये आठवडी बाजाराला एक अतिशय महत्त्वाचे असे स्थान होते. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या परिसरातील गावांमधून मोठ्या प्रमाणात लोक येत असत आणि त्यांच्याद्वारे विविध प्रकारच्या वस्तूंची खरेदी-विक्री केली जात असे. तसेच या ठिकाणी बातम्यांची देवाणघेवाणदेखील होत असे.

यात व्याकरणाची चूक नाही, पण डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. ‘महत्त्वाचे स्थान होते’ हे विधान आहे. ते कशावरून, हे वाचकाला दिसायला हवे. ‘आजूबाजूच्या परिसरातील’ यात एकच गोष्ट दोनदा आली आहे. ‘मोठ्या प्रमाणात’ आणि ‘विविध प्रकारच्या’ हे शब्द कोणत्याही विषयाला चिकटतात, त्यामुळे कोणत्याच विषयाबद्दल काही सांगत नाहीत. ‘त्यांच्याद्वारे केली जात असे’ ही सरकारी परिपत्रकाची भाषा झाली. हे सारे काढून नेमके तपशील घातले की मजकूर असा होतो:

आठवडी बाजारात आसपासच्या आठ-दहा गावांची माणसे जमत. मीठ-मिरची, बी-बियाणे, बैलांचे कासरे यांची खरेदी होई आणि सोयरिकीच्या, भांडणांच्या, पावसाच्या बातम्याही तिथूनच गावोगाव जात.

३९ शब्दांचे २२ झाले आणि माहिती वाढली. ‘महत्त्वाचे’ हा शब्द गेला, तरी बाजाराचे महत्त्व आता वाचकाला आपसूक कळते.

मराठी मजकुरात काही दोष ठरलेल्या जागी सापडतात, म्हणून याच फेरीत ते मुद्दाम शोधणे फायद्याचे ठरते. ‘शाळेच्या इमारतीच्या दुरुस्तीच्या कामाच्या निविदेच्या’ अशी ‘च्या’ची माळ दिसली की वाक्य तोडावे. ‘परत पुन्हा’, ‘पिवळा पीतांबर’, ‘गाईचे गोमूत्र’ यांसारख्या द्विरुक्ती शोधाव्यात. ‘तपासणी करण्यात आली’ऐवजी कोणी तपासले ते लिहावे. ‘च’, ‘ही’ आणि ‘फक्त’ यांच्या जागा पाहाव्यात: ‘फक्त त्याने पत्र वाचले’, ‘त्याने फक्त पत्र वाचले’ आणि ‘त्याने पत्र फक्त वाचले’ या तीन वाक्यांचे अर्थ तीन आहेत. ‘पावसाला घेऊन शेतकरी चिंतेत’ यासारखी हिंदीच्या वळणाची रचना आणि जिथे-तिथे येणारे इंग्रजी वळणाचे ‘एक’ काढून टाकावे. ‘त्याने’ आणि ‘त्यानं’ यांपैकी काहीही चालते, पण निवेदनात एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे. पात्रांच्या संवादांची गोष्ट वेगळी.

शुद्धलेखनाची फेरी

ही फेरी रचना आणि वाक्ये यांच्यानंतर येते, कारण जो परिच्छेद जाणार आहे त्याचे ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२मध्ये त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम कोणालाही एका बैठकीत वाचता येतात. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो आणि ‘फूल’, ‘दूध’, ‘मूल’ यांची सामान्यरूपे होताना दीर्घ ‘ऊ’ ऱ्हस्व होऊन ‘फुलाला’, ‘दुधात’, ‘मुलाने’ अशी रूपे येतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतात. शंका आल्यास मो. रा. वाळंबे, यास्मिन शेख आणि अरुण फडके यांची पुस्तके हाताशी असावीत. संगणकावरील तपासनीस एका मर्यादेपर्यंतच मदत करतो. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे सगळे शब्द अस्तित्वात असल्यामुळे त्याला त्यांत खटकण्यासारखे काही दिसत नाही. विशेषनामे, सनावळी आणि आकडे यांच्यासाठी तर माणसाचाच डोळा लागतो.

दुसरी नजर

स्वतःच्या संपादनाला एक मर्यादा असते: लेखकाला काय म्हणायचे होते हे त्याला आधीच माहीत असते. म्हणून शेवटी दुसरा वाचक हवा. ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘कुठे कंटाळा आला?’, ‘कुठे दोनदा वाचावे लागले?’ आणि ‘लेख कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांग’ असे विचारावे. वाचकाने एखादी जागा अडचणीची आहे असे सांगितले तर ते बहुधा खरे असते. त्याने सुचवलेला उपाय मात्र लेखकाने तपासून घ्यावा. मराठीत अशा नजरेची मोठी परंपरा ‘सत्यकथा’ मासिकाने घडवली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथेत नेमके कुठे काय कमी पडते ते कळवत आणि पुनर्लेखन करवून घेत. अशी पत्रे वाचून लेखकाला हळूहळू स्वतःच्या मजकुराकडेही संपादकाच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय लागते.

सुधारणेलाही शेवट असावा लागतो. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक छापखान्यातून आलेल्या मुद्रितांवर इतके नवे लिहीत की पुन्हा-पुन्हा जुळणी करावी लागे आणि तो खर्च त्यांच्या मानधनातून जाई. हेमिंग्वे यांनी ‘अ फेअरवेल टू आर्म्स’चा शेवट ३९ वेळा लिहिल्याचे मुलाखतीत सांगितले होते, २०१२च्या आवृत्तीत तर ४७ शेवट छापले गेले. एवढ्या खटपटीने त्यांच्या हाती हवा तो शेवट लागला, पण अशा प्रत्येक खटपटीतून काही लागेलच असे नाही. आधी काढलेला स्वल्पविराम पुन्हा घातला जाऊ लागला, बदललेला शब्द परत जुन्या जागी येऊ लागला, म्हणजे सुधारणा संपली आणि चाळा सुरू झाला असे समजावे. फेऱ्या आधीच ठरवून घेतल्या तर हे टळते: एक रचनेची, एक वाक्यांची, एक शुद्धलेखनाची आणि एक दुसऱ्या वाचकानंतरची. चौथी फेरी झाली की मजकूर संपादकाकडे पाठवावा आणि पुढच्या लेखाचा खर्डा घ्यावा.